टाकी भरलेली होती

पेण

पेणहून मुरूडच्या अलीकडचं नांदगाव साधारण बहात्तर किलोमीटर आहे. रस्ता सुंदर आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर जावं. वडखळ सोडलं की खाऱ्या पाण्याची खाजणं लागतात, पोयनाडनंतर डोंगर जवळ येतात, अलिबागला समुद्राचा वास येतो आणि रेवदंड्याचा पूल ओलांडला की शेवटपर्यंत उजव्या हाताला पाणी राहतं. मी हा प्रवास तीस वर्षं करतोय. माझी मोठी बहीण नांदगावात दिली होती. गेल्या वर्षी फाल्गुनात ती गेली. तिच्या वर्षश्राद्धाला मी गेलो, त्या दोन दिवसांबद्दल हे लिहीत आहे.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या गाडीत दोन्ही आहे, मोठी बॅटरीही आणि पेट्रोलची टाकीही. घरच्या पॉइंटला तार लावून बॅटरी भरायची. पूर्ण भरली की ऐंशीएक किलोमीटर गाडी विजेवर चालते, आवाज न करता. ती संपली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि गाडी पेट्रोलवर पुढे जाते. मध्ये थांबावं लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. म्हणजे ही गाडी चार्जिंगवाचून रस्त्यात कधी अडकत नाही. हे मला माहीत होतं. नांदगावात कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ती ‘लायटीवरची गाडी’.

मी न्हावा शेव्याला मालाच्या कागदपत्रांचं काम करतो. तिथल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा ही गाडी मी त्याच्याकडून घेतली. घेतली आणि मला एक नाद लागला. समोरच्या पडद्यावर दिसायचं की इंजिन किती दिवसांत सुरू झालेलं नाही. तो आकडा वाढताना बघायचा. आधी महिना झाला, मग तीन, मग पाच. सगळे प्रवास मी बॅटरीत बसवू लागलो. मित्रांना सांगायचो, पाच महिने पेट्रोल जाळलेलं नाही. टाकी मात्र भरलेली असायची.

गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी भाचीचा, वैशालीचा फोन आला. “मामा, आईला बरं नाही. सारखं तुमचं नाव घेतेय. या.” असे फोन त्याआधी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा ताई उठून बसली होती. मी निघालो. गाडी पूर्ण भरलेली होती, म्हणजे नांदगावला जेमतेम पोचली असती. पण परत येताना इंजिन सुरू झालं असतं. वाटेत नागावला भरून घेतली की परत नागावपर्यंत विजेवर येता येणार होतं, म्हणून मी तिथे थांबलो, ओळखीच्या घरी तार लावली, आणि तिथे अडीच तास बसलो. नांदगावला पोचलो तेव्हा ताईला जाऊन तास झाला होता.

दारात दाजी उभे होते. मला बघून ते एवढंच म्हणाले, “उशीर झाला रं.” आणि मी म्हणालो, “इथे चार्जिंगची सोय नाही ना दाजी, म्हणून नागावला भरून घ्यावी लागली.”

हे वाक्य मी वर्षभर बरोबर घेऊन फिरतोय.

या वेळी निघताना बायको मुलीच्या परीक्षेमुळे थांबली. मी आदल्या दिवशी मुद्दाम तार लावली नाही. बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त होती. ती वाटेत कुठेतरी संपावी असंच मला वाटत होतं.

कार्ले खिंड, नागाव

पेण सोडताना रस्त्याकडेच्या कारखान्यांतून गणपती उन्हात वाळत ठेवलेले दिसतात, रंग न दिलेले, पांढरे. कार्ले खिंडीत त्या दिवसांत बायका पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसतात. ताईला हा कांदा फार आवडायचा. कच्चा, मिठाबरोबर, भाकरीशी. मी नेहमी तिच्यासाठी न्यायचो. हात सवयीने खिशात गेला आणि मी एक माळ घेतली. विकणारी बाई म्हणाली, “एकच? घरात माणसं कमी हायत का?” मी हो म्हणालो.

नागावला वाड्यांमधून जाणारा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून रिक्षा आली तर कोणाला तरी मागे जावं लागतं. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मध्येच पाटी, राहण्याची व जेवणाची सोय. गेल्या वर्षी तार लावली ते सुलभाताईंचं घर अशाच एका वाडीत आहे. समुद्रावर आलेले लोक त्यांच्याकडे उतरतात, त्या आणि त्यांची सून मिळून स्वयंपाक करतात. मी तिथे का वळलो ते नीट सांगता येत नाही. त्या ओटीवर पुन्हा एकदा बसून बघावं, असं काहीसं मनात होतं.

“या या, पेणकर,” त्या म्हणाल्या. “तार कुठेय? आज गाडी उपाशीच ठेवणार?”

“आज नको. फक्त चहा.”

“फक्त चहा? गेल्या वर्षी अख्खी सुरमईची थाळी, वर दोन सोलकढ्या, आणि मग त्या झोपाळ्यावर जे घोरायला लागलात. सून म्हणाली, सासूबाई, पाहुण्याला हलवा, नारळ पडेल डोक्यात.”

त्या हसत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं. मी जेवलो होतो हे मला आठवत होतं. झोपलो होतो हे मी विसरलो होतो, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

“किती वेळ झोपलो होतो?” मी विचारलं.

“असाल तासभर. तुमचा फोन दोनदा वाजला. मग मीच उठवलं. तुम्ही म्हणालात, निघतोच आहे, आणि परत पाच मिनिटं पडलात.” त्यांनी कप पुढे केला. “दमला होतात हो. माणूस आहे.”

चहा चांगला होता, गवती चहाची पात घातलेला. मी तो उभ्यानेच प्यायलो. झोपाळा तिथेच होता, त्यावर कोणीतरी पापड वाळत घातले होते. गाडीशी येऊन मी फोनमधली जुनी यादी काढायला गेलो, त्या दिवशी वैशालीचे फोन किती वाजता आले होते ते बघायला. वर्षापूर्वीचं आता त्यात राहिलेलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

रेवदंडा, कोरलई

रेवदंड्याचा पूल कुंडलिकेच्या खाडीवर आहे. भरती होती, होड्या दोरखंडांवर ओढ घेत उभ्या होत्या. पुलाच्या अलीकडे पडद्यावर बॅटरी शून्याला आली. मी काच खाली केली, ऐकू यावं म्हणून. पुढून एक हलकी घरघर सुरू झाली. बस, एवढंच. गाडीला साधा हिसकासुद्धा बसला नाही. वेग होता तसाच राहिला, आणि मी पूल ओलांडून साळावला आलो.

मी पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि काही वेळ तशीच चालू ठेवली. हा आवाज टाळण्यासाठी मी अडीच तास बसलो होतो. शिवणयंत्राचा असतो त्याहून थोडा मोठा आवाज.

कोरलईत रस्ता घरांच्या अंगणातूनच जातो. किल्ल्याखालच्या वस्तीत जुन्या ख्रिस्ती लोकांची घरं आहेत, ती माणसं आपसांत एक वेगळीच बोली बोलतात, पोर्तुगीजांच्या काळापासूनची. आपल्याशी मात्र मराठीत. मागे एकदा मी विजेवर इथून हळू जात होतो, तेव्हा एक म्हातारी बकऱ्या घेऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. तिला गाडी ऐकूच आली नाही. मी अगदी जवळ जाऊन भोंगा वाजवला तर ती काठी उगारून म्हणाली, “गाडी हाय का भूत? येताना सांगून यावं.” या वेळी बकऱ्या आवाजाने आधीच बाजूला झाल्या. म्हातारी दिसली नाही.

काशीदच्या सुरूच्या झाडांखाली नेहमीप्रमाणे मुंबईची गर्दी होती. मी थांबलो नाही.

नांदगाव

नांदगाव म्हणजे सुपारीच्या वाड्या. आम्ही मूळचे मिठागरवाले. ताई लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला सगळ्यात नवल पाण्याचं वाटलं होतं. आमच्याकडे पाणी आत घ्यायचं ते उन्हात आटवण्यासाठी. इथे विहिरीचं पाणी पाटाने झाडाच्या मुळाशी न्यायचं आणि ते मुरेपर्यंत बघत उभं राहायचं. ती म्हणायची, “दिनू, बाबांनी हे बघितलं तर म्हणतील, मूर्ख लोक, पाणी फुकट घालवतात.” माझ्यापेक्षा ती बारा वर्षांनी मोठी. आई मिठागरावर असायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरणारी तीच.

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणभर सुपारी वाळत होती आणि तिच्यातून एक चाकोरी मोकळी ठेवलेली होती, गाडी आत येण्यापुरती. दाजी ओटीवरून उतरले. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, उघडे, खांद्यावर पंचा. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

“आज आवाज करतीया,” ते म्हणाले. “बिघडली काय?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, “नाही. ठीक आहे.”

“मंग ये हिकडं. पयला गाडीला चारा घाल, मंग तू चा घे.”

त्यांनी मला घराच्या कडेला नेलं. चिऱ्याच्या भिंतीत एक नवा पॉइंट बसवला होता, जाड, पंधरा अँपियरचा. त्याला मीटरपासून वेगळी वायर आणली होती. पावसाने भिजू नये म्हणून वर तेलाचा पत्र्याचा डबा कापून, त्याला हिरवा रंग लावून छप्पर केलं होतं. भिंतीवर खडूने लिहिलं होतं, ‘दिनूची गाडी. पंप लावू नये.’

“मुरूडचा वायरमन आनला,” दाजी म्हणाले. “तो म्हनला, एवढी जाड वायर कशाला, चक्की घालताय का? मी म्हनलं, मेव्हन्याची गाडी हाय, तिला जोर लागतो. लाव तुजी तार, बघू तरी.”

मी तार काढून लावली. गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. दाजींनी वाकून तो बघितला आणि वैशालीला हाक मारली, “अगं ये, लागली बघ.” ती हात पुसत आली. माझ्या हातातली कांद्याची माळ बघून म्हणाली, “मामा, उद्या श्राद्ध आहे. कांदा चालतो का घरात?” आणि मग तिचं तिलाच हसू आलं, मलाही आलं, आणि ती माळ घेऊन पडवीत टांगायला गेली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

चहा झाल्यावर दाजी वाडीत शिंपायला निघाले. मी बरोबर गेलो. पंप सुरू होता, पाटातून पाणी येत होतं आणि दाजी फावड्याने एका आळ्याचं तोंड बंद करून पुढच्या आळ्याचं उघडत होते. पोफळींखाली गार होतं. दाजींनी चार आळी भिजवली. मग पाठमोरेच म्हणाले,

“तिनं मला सांगितलं व्हतं. ती गेली त्याच्या आदल्या दिवाळीलाच. म्हनली, दिनूच्या गाडीला एक पॉइंट काडून ठेवा, म्हंजे त्याला परत जायची घाई न्हाय व्हनार, दोन दीस ऱ्हाईल. मी म्हनलं, वर्सातनं दोनदा येतो, त्याच्यासाठी भिंत कोन फोडनार? करू म्हनलं, करू. न्हाय केलं.”

ते पुढच्या आळ्याशी गेले.

“तवा केलं असतं तर तू नागावला थांबला नसतास. भेट झाली असती. आता रोज तिच्या फोटोला सांगतो, काडला गं पॉइंट. काय उपेग?”

मी माझ्या ओझ्याचा विचार करत वर्ष घालवलं होतं. हे ओझं दुसरा कोणी वाहतोय हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी दारात एक वाक्य टाकलं होतं, आणि या माणसाने ते उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. आता गप्प राहिलो तर ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहणार होतं. सांगितलं तर त्यांचं ओझं उतरणार होतं, आणि या घरात मी कोण होतो तेही बदलणार होतं. ताईनंतर मला आपलं म्हणणारं वडीलधारं हेच एक माणूस उरलं होतं.

“दाजी,” मी म्हणालो, “त्या दिवशी मला थांबायची गरज नव्हती.”

“कुठं?”

“नागावला. या गाडीत पेट्रोलही असतं. बॅटरी संपली की ती पेट्रोलवर चालते. आज आवाज येत होता तो इंजिनाचा. त्या दिवशीही टाकी भरलेली होती.”

त्यांनी फावडं थांबवलं. “पेट्रोल व्हतं?”

“होतं.”

“मंग थांबलास का?”

मी सांगायला लागलो. पडद्यावरचा आकडा, पाच महिने, इंजिन सुरू होऊ न देणं. सांगताना ते कारण इतकं क्षुल्लक वाटत होतं की मी मध्येच थांबलो.

“म्हंजे हौस,” दाजी म्हणाले.

“हो.”

पाणी आळ्यातून बाहेर वाहू लागलं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं. मीच वाकून हाताने माती ओढली आणि पाट बंद केला.

“आणि पॉइंट असता तरी,” मी म्हणालो, “मी आलोच असतो असं नाही. तुमचा त्यात काही दोष नाही. मी तिथे जेवलो. झोपलो. वैशालीचा फोन वाजत होता.”

दाजी माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादा अनोळखी माणूस वाडीत शिरला तर त्याच्याकडे बघावं तसे.

“ती विचारत व्हती,” ते शेवटी म्हणाले. “कुठवर आला, कुठवर आला. मी म्हनलं, नागावला हाय, गाडीला येळ लागतो. ती म्हनली, लागू दे. तवर जेवून घेईल तो.” त्यांनी फावडं उचललं. “तेवढं तरी खरं झालं.”

 सगळी आळी शिंपून होईपर्यंत मी त्यांच्या मागे उभा होतो. घरी आल्यावर वैशालीने आम्हाला ताटं वाढली, तेव्हा ते म्हणाले, भूक न्हाय, आणि आत जाऊन पडले.

दुसरा दिवस

सकाळी उठलो तर गाडीची तार काढलेली होती. नीट गुंडाळी करून ती पॉइंटखाली ठेवली होती. बॅटरी पूर्ण भरली होती. खडूची अक्षरं भिंतीवर तशीच होती.

श्राद्धाचे विधी दहाच्या सुमारास आटोपले. स्वयंपाक वैशालीने आणि शेजारच्या दोघी बायकांनी केला होता. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, वालाचं बिरडं. आमच्या पेणकडे भोपळ्याच्या भाजीत गूळ घालतात, इथे ओलं खोबरं भरपूर आणि गूळ अजिबात नाही. ताई पहिली काही वर्षं गपचूप घालायची म्हणे. सासूने एकदा चाखून पाहिलं आणि विचारलं, ही भाजी की मिठाई? ही गोष्ट वैशालीने वाढता वाढता सांगितली आणि पंगत हसली. दाजीही थोडे हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पंगतीला शेजारपाजारची आठ-दहा माणसं होती. माझ्या समोर गणूकाका बसले होते, दाजींच्या वयाचे, शेजारच्या वाडीचे मालक. त्यांनी वडा मोडता मोडता मला विचारलं, “काय रं दिनू, औंदा गाडीनं बरी साथ दिली? गेल्या वर्साला लायटीनं दगा दिला बग तुला.” मग शेजारच्याला म्हणाले, “अरं, बिचारा बहिनीसाठी जीव टाकून येत व्हता आनि गाडी नागावला अडाकली. आपल्या गावात तवा पॉइंट न्हवता ना.”

ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. वर्षभर ती दाजींनीच सांगितली होती, ज्याला त्याला, माझी बाजू घेऊन.

दाजी पंगतीच्या टोकाला तुपाची वाटी घेऊन उभे होते. ते म्हणाले, “गाडी अडाकली न्हवती, गणू. तिच्यात पेट्रोल व्हतं. तो थांबला व्हता.”

 गणूकाकांचा हात पानावरच राहिला. त्यांनी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. “थांबला व्हतास? का रं?”

वैशाली खिरीचं भांडं घेऊन माझ्यापासून दोन पानांवर उभी होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. दाजींनीही सांगितलेलं नसावं, कारण तिचा चेहरा मला आत्ता बदलताना दिसला. तीही उत्तराची वाट बघत होती. त्या दिवशी दोनदा फोन तिनेच केला होता.

“जेवायला,” मी म्हणालो. “जेवलो, आणि झोपलो.”

 वैशालीने भांडं खाली ठेवलं आणि ती आत गेली. गणूकाका पानाकडे बघत राहिले. मला उठून जावंसं वाटलं, पण श्राद्धाच्या पानावरून उठत नाहीत.

दाजी ओळीतून वाढत वाढत माझ्यापाशी आले. माझ्या भातावर त्यांनी तूप वाढलं, इतरांच्या भातावर वाढलं होतं तेवढंच. मग सरळ होऊन पंगतीला म्हणाले, “चालू द्या सावकाश. त्यालाबी जेवू द्या.”

आणि पुढच्या पानाकडे गेले.